पोटात आरसा, अंगभर खिळे

या, असे जवळ सरका. पाऊस काही एवढ्यात थांबायचा नाही, आणि वीज गेली ती सकाळशिवाय येत नाही, तर कंदिलाची वात जरा चढवतो आणि तुम्हाला एका लाकडाची गोष्ट सांगतो. आधी तो कोनाड्यातला पेला आणा बरं. हा बिबळ्याच्या लाकडाचा पेला. रात्री यात पाणी भरून ठेवा आणि सकाळी उन्हात धरून बघा, पाणी पिवळसर तांबूस झालेलं असतं आणि कडेला मोराच्या पिसासारखी निळी झाक मारते. बिबळ्याच्या खोडावर कुऱ्हाडीचा घाव बसला की आतून लालभडक चीक गळतो. लहानपणी मी तो पहिल्यांदा पाहिला तेव्हा झाडाला लागलं म्हणून रडत घरी आलो होतो, आणि आजीनं मला उगी न करता उलट विचारलं होतं, "मग? त्याला लागत नसेल होय?"

तर या बिबळ्याची भावकी फार मोठी आहे. रक्तचंदन त्याच भावकीतलं, आणि समुद्र ओलांडून आफ्रिकेच्या पोटात, काँगो नदीच्या रानात गेलात तर तिथंही याच कुळातली झाडं उभी आहेत. पाडूक म्हणतात त्यांना. पाडूक कापला की ओल्या लाकडाचा रंग पेटलेल्या निखाऱ्यासारखा नारिंगी-लाल दिसतो, आणि वारं-ऊन लागत गेलं की हळूहळू काळपट होत जातो. तिथली माणसं हे लाकूड दगडावर घासून त्याची भुकटी करतात. तिचं नाव तुकुला. पामच्या तेलात ती कालवायची आणि अंगाला लावायची, मयताला लावायची, आणि लाकडाच्या कोरीव पुतळ्यांनाही लावायची. जन्म असो, मरण असो, एका अवस्थेतून दुसरीत जायची वेळ आली की लाल रंग हवाच.

आता पुतळ्यांचं नाव निघालंच आहे तर गाडी तिकडंच वळवू, कारण मला आज सांगायचं आहे ते त्यांच्याबद्दलच.

काँगो नदी जिथं समुद्राला मिळते त्या मुलखात काँगो नावाचेच लोक राहतात. आज त्यांची गावं अंगोला आणि दोन्ही काँगो देशांत वाटली गेली आहेत. त्यांच्या एका पुतळ्याचं चित्र मी प्रथम पाहिलं तेव्हा बराच वेळ पान उलटवलंच नाही. कमरेवर हात ठेवून, जरासा पुढं झुकून, आत्ता दोन शब्द सुनावेल अशा बेतानं उभा राहिलेला गडी, मीटरभराहून उंच. डोळे पांढरे आणि टक्क उघडे. पोटावर एक फुगीर गोळा. आणि छातीपासून खाली अंगभर लोखंड! खिळे, पाती, पाचरी, वाकडे तुकडे, एकाला एक खेटून शेकडो, साळिंदराच्या पाठीवर जसे काटे.

आपल्या मनात लगेच काय येतं? बाहुलीला खिळे म्हणजे करणी. कुणाचं तरी वाईट व्हावं म्हणून त्याच्या नावाची बाहुली करून टोचलेली. युरोपातल्या लोकांनीही पहिल्यांदा असंच काहीतरी धरून घेतलं. पण इथंच मेख आहे पोरांनो. तो पुतळा कुठल्या वैऱ्याचा नाही, आणि खिळा कुणाला दुखवायला मारलेला नाही. ती चावडी आहे, गावाची.

पण जरा दमानं घेऊ.

अशा वस्तूला तिकडं म्हणतात न्किसी. अनेक असल्या की मिन्किसी. आणि न्किसी म्हणजे पुतळाच असं मुळीच नाही. मडकं न्किसी असतं, गोगलगायीचा शंख असतो, कापडाची पुरचुंडी असते, विणलेली पिशवी असते. कुणी ताप-दुखण्यावर, कुणी मूल होण्यासाठी, कुणी घरात बरकत यावी म्हणून. तिथले जुने लोक सांगतात की सगळ्या मिन्किसींचा मूळपुरुष फुन्झा, आणि तो रानात दिसतो पीळ पडलेल्या मुळाच्या रूपात. दोन मुळ्या एकमेकींना विळखा घालून दोरासारख्या वळलेल्या असतात ना, तशी मुळी सापडली की माणूस थबकतो. जमिनीखाली, अंधारात, कुणाचा हात न लागता एवढा पीळ पडला कसा? मला विचाराल तर मीही थबकतो. आमच्या बांधावरच्या वडाचं मूळ असंच वळलंय, आणि इतकी वर्षं बघूनही त्याच्याशी पाय अडखळला की मी वाकून हात लावतोच.

आता पुतळा करायचा तर सुतारकाम करणारा वेगळा आणि त्यात बळ भरणारा वेगळा. कारागीर लाकूड कोरतो, नाक-डोळे काढतो, पोटात आणि डोक्यात पोकळी ठेवतो आणि आपली मजुरी घेऊन मोकळा होतो. तोवर ते नुसतं लाकूड. पोरं त्याच्याशी खेळली तरी कुणी रागावणार नाही. मग येतो न्गांगा, म्हणजे जाणता, वैद्य आणि भगत दोन्ही एकात. तो त्या पोकळीत बिलोंगो भरतो. बिलोंगो म्हणजे औषध, पण आपल्या काढ्यासारखं पोटात घ्यायचं नव्हे. कबरीवरची माती, नदीच्या तळची पांढरी माती, बिया, मुळ्या, नखं, दगड असं ते असतं. आणि हे निवडायची रीत ऐकून तर मला फार आनंद झाला, कारण ती शब्दांवर चालते. न्कांदिकिला नावाचं एक फळ आत घालायचं, कारण त्यांच्या भाषेत 'कांदिका' म्हणजे आडवणं, मज्जाव करणं, आणि फळाच्या नावात तो शब्द ऐकू येतो. आपल्याकडे कुणी अडुळशाच्या नावात 'अड' आहे म्हणून चोराची वाट अडवायला दारात अडुळशाची डहाळी ठेवावी, तसं झालं हे. म्हणजे पुतळ्याच्या पोटात नुसता पाला भरलेला नाही, एक अख्खं वाक्य भरलेलं आहे, आणि ज्याला ती भाषा येते त्याला ते आतून ऐकू येतं.

मग ती पोकळी राळेनं बंद करायची आणि वर बसवायचा आरशाचा नाहीतर काचेचा तुकडा. आरसा कशाला? यासाठी आपल्याला नदीवर जायला हवं.

काँगो ही जगातली सगळ्यात खोल नदी. काही ठिकाणी तिचा तळ २०० मीटरांहूनही खाली आहे, आणि तिचं गढूळ पाणी समुद्रात शिरून कितीतरी लांबवर तसंच वाहत राहतं. अशा पाण्याच्या काठी राहणाऱ्या माणसांनी मरणाची कल्पना पाण्यावरच केली यात नवल ते काय! ते म्हणतात, जिवंतांचा मुलूख आणि मेलेल्यांचा मुलूख यांच्यामध्ये कालुंगा आहे, पाण्याची एक रेघ. आपण रेघेच्या वर, पूर्वज खाली, पाण्यातल्या पडछायेसारखे उलटे. सूर्य संध्याकाळी आपल्याकडे बुडतो तो त्यांच्याकडे उगवतो. म्हणजे आपण आता कंदील लावून बसलोय, तर तिकडं सकाळची न्याहारी चाललेली. मेलेल्यांचा रंग पांढरा, म्हणून नदीच्या तळची पांढरी माती, म्पेम्बा, ही त्यांच्या मुलखाची माती. न्गांगा ती डोळ्यांभोवती लावतो म्हणजे पलीकडचं दिसावं. आणि पुतळ्याच्या पोटातला आरसा म्हणजे तेच पाणी. त्यातून पूर्वज इकडं बघतात आणि जाणता तिकडं.

एक गंमत ऐका. १४८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत दियोगो काँव नावाचा पोर्तुगीज दर्यावर्दी या नदीच्या मुखाशी आला. समुद्रातून, म्हणजे पाण्याच्या रेघेपलीकडून, पांढऱ्या कातडीची माणसं वर येताना दिसली. काठावरच्यांच्या हिशेबानं अशी माणसं कोण असणार? पुढं १४९१ साली तिथल्या राजानं, न्झिंगा ए न्कुवूनं, बाप्तिस्मा घेतला. त्यामागं राजकारण होतं, व्यापार होता, सगळं होतं. पण त्या पहिल्या दिवशी काठावर उभं राहून आपलेच गेलेले आजे-पणजे परत येताहेत का हे न्याहाळणाऱ्या माणसांचं चित्र माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

बरं, आता खिळे.

खिळेवाल्या न्किसीला न्कोन्डी म्हणतात. 'कोन्डा' म्हणजे शिकार करणं, आणि न्कोन्डी म्हणजे रात्री एकटा निघणारा शिकारी. समजा दोन घरांत जमिनीवरून वाद आहे, किंवा उसनं घेतलेलं कुणी नाकारतोय, किंवा दोन गावांनी इथून पुढं भांडायचं नाही असं ठरवलंय. सगळे न्गांगाकडे येतात. पुतळा बाहेर काढला जातो. एक जण आपली बाजू मांडतो, दुसरा आपली मांडतो, बोलणं तासन् तास चालतं, शेवटी काय ते ठरतं. मग एक लोखंडी पातं घ्यायचं आणि ज्यांनी शपथ घेतली त्यांनी ते जिभेनं चाटायचं. कल्पना करा, थंडगार लोखंडाची ती तुरट चव. आता त्या पात्यावर तुमची थुंकी आहे, म्हणजे तुम्ही आहात. मग ते पुतळ्याच्या अंगात ठोकायचं, ठक् ठक्, सगळ्या गावाच्या देखत. काही खिळ्यांना कापडाची चिंधी नाहीतर केसांची बट बांधायची, म्हणजे न्कोन्डीला कुणाचं प्रकरण ते विसरायला नको. आणि तो जर सुस्त पडून आहे असं वाटलं तर त्याला चक्क शिव्या द्यायच्या, डिवचायचं, त्याच्यापुढं बंदुकीच्या दारूचा बार उडवायचा, ऊठ म्हणायचं, आणि जो शपथ मोडील त्याचा माग काढ!

म्हणजे बघा, एकेक खिळा हा एकेक ठराव आहे. आपली तलाठ्याची वही असते, कोर्टाचा शिक्का असतो, तसं हे दप्तर लाकडाच्या अंगावर लिहिलेलं. ज्या पुतळ्यावर शेकडो खिळे आहेत त्यावर शेकडो माणसांची भांडणं, समेट, वचनं जमा आहेत. तो भयंकर दिसतो, दिसायलाच हवा, कारण शब्द मोडायच्या आधी माणसाला त्याचा चेहरा आठवला पाहिजे. पण मला तो जितका बघावा तितका थकलेला वाटतो, गावाचं सगळं ऐकून घेतलेल्या जुन्या पाटलासारखा.

यांच्यात एक कुत्राही आहे. कोझो त्याचं नाव, दोन तोंडांचा, एक पुढं आणि एक मागं. तिकडच्या रानात शिकारी कुत्र्यांची एक जात आहे, बसेंजी म्हणतात, ती भुंकत नाही. शेपटीचं वेटोळं, टोकदार कान, पण भो भो म्हणून नाही, फारतर गळ्यातून एक गाणं म्हटल्यासारखा आवाज. मग दाट रानात कुत्रा गेला कुठं हे कळायचं कसं? म्हणून त्यांच्या गळ्यात लाकडी घंटा बांधतात. आता विचार करा, मुका कुत्रा झाडीत दिसेनासा होतो आणि नुसती घंटा वाजत राहते, कधी जवळ, कधी लांब. असं जनावर घरातही असतं आणि रानातही, दिसतंही आणि दिसतही नाही. मग इहलोक आणि परलोक दोन्हीकडं बघायला त्यांनी कुत्रा नेमला आणि त्याला दोन तोंडं दिली, तर मला ते अगदी पटतं. न्गांगा लोक स्वतःजवळसुद्धा तशाच घंटा बाळगायचे.

पुढची गोष्ट तितकी गोड नाही, ती लवकर सांगून टाकतो. मिशनऱ्यांना हे सगळं सैतानाचं वाटलं, त्यांनी ढिगांनी जाळलं. आणि वसाहतवाल्यांना यातली चावडी बरोबर कळली, म्हणून त्यांनी पुतळे पळवले. १८७८ साली बोमा गावाजवळ अलेक्सांद्र देलकोम्यून नावाच्या बेल्जियन व्यापाऱ्याच्या माणसांनी ने कुको या प्रमुखाचा न्कोन्डी उचलून नेला. ने कुकोनं तो परत मागितला. मिळाला नाही. आज तो बेल्जियममध्ये तेर्व्युरेनच्या संग्रहालयात आहे. त्या गावाचं दप्तरच गेलं म्हणा ना. कोण कुणाला काय बोललं होतं त्याची साक्ष आता कुठं काढायची?

पण एक राहिलंच. या न्कोन्डींमधला सगळ्यांत दरारा असलेला गडी म्हणजे मांगाका, मघाशी सांगितला तोच, कमरेवर हात ठेवून झुकलेला. शिलुआंगो नदीच्या मुलखात एकोणिसाव्या शतकात तो घडवला जाई. तसे आज जगात वीसेक उरलेत, आणि २०१५ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयानं त्यांतले बरेचसे एका दालनात उभे केले होते. त्या संग्रहालयाकडे स्वतःचाही एक आहे. तिथल्या जाणकारांनी तो आतून-बाहेरून नीट तपासला, तेव्हा त्याच्या पोटातली पोकळी रिकामी निघाली. औषध नव्हतं, कबरीची माती नव्हती. चोरीमारीत सांडलेलं नव्हे. पुतळा परक्यांच्या हातात जायच्या आधीच कुण्या न्गांगानं ते काढून घेतलेलं होतं. त्यानं वरची राळ फोडली असेल, पोटात हात घालून एकेक वस्तू फडक्यात गोळा केली असेल, आणि मग ते लाकूड दिलं असेल. औषधाची कृती त्याला तोंडपाठ. नवं लाकूड कोरून घेतलं की त्यात पुन्हा भरता येत होतं.

खिळे मात्र त्यानं उपटले नाहीत. ते अजून तसेच आहेत त्याच्या छातीवर, दिव्यांच्या उजेडात, ज्यांनी ते चाटून ठोकले त्यांची नावं आता कुणालाच ठाऊक नसताना.

पेला इकडे दे बाळ. पाणी भरून ठेवतो, सकाळी बघू.