मठाची भिंत आणि मदर सुपीरियर

‘सिस्टर’ म्हटले की आपल्या आनंदनगरात कोणाला इस्पितळातली परिचारिका आठवते, तर कोणाला कॉन्व्हेंट शाळेतली करडी शिक्षिका. परंतु या व्रतस्थ स्त्रिया एकत्र राहतात त्या घराचा कारभार चालतो कसा, आणि प्रमुखाचे चुकले तर तिला सांगायचे कोणी? राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याला तरी हा प्रश्न पडावा.

मुंबईचे सोफिया कॉलेज १९४१ साली सुरू करणाऱ्या ‘सोसायटी ऑफ द सेक्रेड हार्ट’ या संघाचेच उदाहरण घेऊ. मादलेन सोफी बारा यांनी तो १८०० साली फ्रान्समध्ये स्थापन केला. त्या १८०६ मध्ये संघप्रमुख झाल्या आणि १८६५ मध्ये निधन होईपर्यंत, म्हणजे तब्बल ५९ वर्षे, त्या पदावर राहिल्या! संघाचे कार्य मुलींना शिकवण्याचे. पण शिकवणाऱ्या भगिनींनी मठाचे आवार ओलांडायचे नाही, असा नियम. मुली शिकून जगात जात, शिक्षिका मात्र भिंतीआडच राहत.

१९६४ च्या महासभेत संघाने ही बंदिस्ती उठवली. पुढच्याच वर्षी, २८ ऑक्टोबर १९६५ रोजी, दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने सर्वच संघांना नूतनीकरण करण्यास सांगितले. संस्थापकांच्या मूळ प्रेरणेकडे परत जा आणि बदललेल्या काळाशी जुळवून घ्या, असा तो दुहेरी आदेश होता. खरी मेख, मला वाटते, त्यातल्या पहिल्या भागात आहे. नुसते ‘नवे करा’ म्हटले असते तर ज्येष्ठ भगिनी दुखावल्या असत्या. मूळ हेतू शोधायचा म्हटल्यावर त्यांच्या आठवणींनाही मोल आले. शिवाय प्रमुखांनी सर्वांचे मत घ्यावे, ऐकून घ्यावे, असेही परिषदेने बजावले. १९८३ च्या चर्चच्या कायद्याने प्रमुखपदाला सर्वसाधारणपणे मुदत घातली आणि सल्लागार मंडळ आवश्यक केले. तरीही ही आपल्या अर्थाने लोकशाही नव्हे. चर्चा सर्वांची, पण निर्णयाचा अधिकार प्रमुखाकडेच.

याची किंमतही पडली. त्या वर्षांत पाश्चात्त्य देशांतल्या कितीतरी भगिनी व्रत सोडून गेल्या. काहींना बदल फार वाटला, काहींना फारच थोडा.

सोफियाच्या प्राचार्या राहिलेल्या सिस्टर करुणा मेरी ब्रागांझा यांना २००८ मध्ये पद्मश्री मिळाली. आजच्या झारखंडातील तोरपा या आदिवासी भागातही त्यांनी काम केले. जुन्या नियमाखाली तिथल्या एखाद्या झोपडीपर्यंतसुद्धा त्यांना चालत जाता आले नसते.