नांगर सोडला, पण चाकांचे काय?

गेल्या गणपतीत कर्जत तालुक्यातून आमच्या दादाचा फोन आला. "अरे, तुझे ऐकून नांगर सोडला. आता एका पट्ट्यात भात खुरटलाय. परत नांगरू का?"

माझी पीएच.डी. रस्त्याखालची माती घट्ट कशी बसवावी यावर. पोट मात्र सॉफ्टवेअरवर भरते. त्यामुळे उत्तर देताना मलाच धाकधूक होती. पीक त्याचे, सल्ला माझा!

रस्त्याचे गणित सोपे आहे. माती थोडी ओलसर असली की कण एकमेकांवरून सरकतात आणि रोलरखाली छान बसतात. शेतात नेमके हेच नको असते. वापसा आल्याशिवाय शेतात शिरू नये, असे आपले वाडवडील सांगत, ते याचसाठी. दादाच्या त्या पट्ट्यावरून मागच्या कापणीला, अवकाळी पावसानंतर, भाड्याच्या ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली गेली होती.

चाकाखाली वरच्या थरावर पडणारा दाब साधारण टायरमधल्या हवेच्या दाबाइतका असतो. हवा कमी ठेवली की वरचा थर बचावतो. खोलवर पोचणारा दाब मात्र आसावरच्या वजनावर ठरतो. शिवाय बहुतेक नुकसान पहिल्याच फेरीत होते. म्हणजे चाकांनी रोज नवी वाट काढण्यापेक्षा जुनीच तुडवलेली बरी.

आपल्या इंग्लंडात श्रॉपशायरमधल्या हार्पर ॲडम्स संस्थेने (आता विद्यापीठ) 2011 पासून हेच तपासले. खोल मशागत, उथळ मशागत आणि शून्य मशागत, आणि त्या प्रत्येकीत चाकांच्या तीन तऱ्हा : नेहमीचे टायर, कमी हवेचे टायर आणि कायमच्या आखीव वाटा. आखीव वाटांनी उत्पादन वाढल्याचे दिसले. इथे ट्रॅक्टर उपग्रहाच्या मदतीने काही सेंटिमीटरच्या अचूकतेने त्याच वाटेवर चालतो.

आपल्याकडे उपग्रह नसला तरी सरी आहे! नेरळच्या चंद्रशेखर भडसावळे यांच्या 'सगुणा राइस तंत्रा'त गादीवाफे कायमचे असतात, चिखलणी नसते आणि आधीच्या पिकाची मुळे जमिनीतच राहतात. ती कुजली की हवापाण्याला वाटा होतात. चिखलणीच्या भाताला तळाचा घट्ट थर चालतो, पाणी धरतो. या भाताच्या मुळांना मात्र हवा लागते. म्हणून चालायचे ते सरीतून, वाफ्यावर पाय नको.

दादाला म्हटले, "आधी कुदळीने खणून बघ. ढेकूळ हाताने फुटत असेल आणि गांडुळे दिसत असतील, तर मुळांवर सोड. आडवा टणक थर लागला, तर जमीन कोरडी असताना तेवढाच पट्टा एकदा मोकळा कर आणि लगेच काहीतरी पेर. सगळे शेत नांगरू नकोस."

वीतभर खाली थर लागला. कापणीनंतर दादाने तेवढाच पट्टा मोकळा करून वाल पेरले. त्या वर्षी ट्रॉली बांधावरच थांबली; भारे माणसांनी सरीतून वाहिले. मजुरी वाढली, हे त्याने मला दोनदा ऐकवले. पण नांगर अजून गोठ्यातच आहे.