मतपेटी वर्गाच्या दारातून परत का जाते?

मुळशी तालुक्यातील नेरे हे गाव हिंजवडीच्या आयटी पार्कपासून जवळच. भातशेतीच्या या पट्ट्यात आज उंच इमारती आणि भाड्याच्या खोल्या दिसतात. शेजारच्या मारुंजीत महाविद्यालये उभी राहिली. याच तालुक्यात लवळे येथे सिम्बायोसिस हे अभिमत आणि फ्लेम हे खासगी विद्यापीठ आहे. गावोगावची मुले-मुली या भागात शिकायला येतात. संकुले वाढली, ही चांगली गोष्ट आहे. परंतु त्या संकुलात विद्यार्थ्याचा अधिकार किती वाढला, हा आमचा प्रश्न आहे.

उत्तरासाठी 2019 हे वर्ष पाहावे. 1994 च्या महाराष्ट्र विद्यापीठ कायद्याने महाविद्यालयातील थेट निवडणुका बंद केल्या आणि गुणवत्तेवर वर्गप्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. पुढे 2016 चा सार्वजनिक विद्यापीठ कायदा आला. 1 मार्च 2017 पासून तो लागू झाला. त्याच्या कलम 99 ने थेट मतदान परत दिले. अध्यक्ष, सचिव, एक महिला प्रतिनिधी आणि अनुसूचित जाती, जमाती, भटके-विमुक्त व इतर मागासवर्ग यांतून आळीपाळीने एक राखीव प्रतिनिधी, अशी ही रचना आहे. 2019 साली निवडणुका घेण्याचे ठरले. मतपेटी दारात आली आणि विधानसभा निवडणुकीचे कारण सांगून परत पाठविण्यात आली. 2020 मध्ये कोरोनाची टाळेबंदी आली. म्हणजे कायद्यात हक्क आणि वर्गात शुकशुकाट!

गुणांवर प्रतिनिधी नेमण्यात वाईट काय, असे काही प्राध्यापक विचारतात. आमचे म्हणणे स्पष्ट आहे. ज्याच्या घरात पहिल्यांदा कोणी महाविद्यालयाची पायरी चढले, जो रात्री काम करून दिवसा शिकतो, तो नेहमीच वर्गात पहिला येईल असे नाही. पण शिष्यवृत्ती रखडली, वसतिगृहात जागा मिळाली नाही, तर त्याची झळ त्यालाच बसते. ज्याला दुखते त्याला बोलू न देता दुसऱ्याला त्याचा प्रतिनिधी नेमणे ही लोकशाही नव्हे. 1919 साली साऊथबरो समितीपुढे बाबासाहेबांनी अस्पृश्यांच्या मताधिकाराची बाजू मांडली, तेव्हाही विरोधकांचा सूर हाच होता: आधी लायक व्हा, मग मत मागा. मत देता-देताच माणूस लायक होतो, हे बाबासाहेबांनी ओळखले होते.

दुसरा आक्षेप हिंसाचाराचा. निवडणुकांत पैसा आणि गुंड शिरतात, हे खरे आहे. त्यावर उपाय सांगण्यासाठीच लिंगडोह समिती नेमली गेली. तिच्या शिफारशी अमलात आणण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी दिला. उमेदवाराला 5,000 रुपयांची खर्चमर्यादा, 75 टक्के हजेरीची अट, ही त्यातील कलमे आहेत. वातावरण बिघडलेल्या ठिकाणी नेमणुकीची पद्धत चालेल, पण ती तात्पुरती, असेही समितीने म्हटले. तात्पुरत्या सोयीला कायमचे कुलूप करणे कोणत्या न्यायात बसते?

संविधानाच्या 61 व्या दुरुस्तीने 18 वर्षांच्या नागरिकाला मत मिळाले. तोच तरुण आमदार निवडतो, पण आपल्या वर्गाचा प्रतिनिधी निवडू शकत नसेल तर ही विसंगती कोणाच्या सोयीची? खासगी विद्यापीठांना तर कलम 99 लागूच नाही. तेथे विद्यार्थी मंडळ कसे असावे, हे बहुधा व्यवस्थापनाच्या मर्जीवर राहते. लाखोंचे शुल्क घेणाऱ्यांनी निदान मत तरी द्यावे!

विद्यार्थी मित्रांनो, घोषणा देऊन थांबू नका. आपल्या महाविद्यालयात विद्यार्थी परिषद आहे का, तिची शेवटची बैठक कधी झाली, याची लेखी विचारणा प्राचार्यांकडे करा. विद्यापीठाकडे 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज द्या. उत्तर आले नाही तर अपील करा. इमारती संस्थाचालक बांधतील. त्या इमारतीतील लोकशाही तुम्हालाच बांधावी लागेल.