टायरच्या कडेवरची अक्षरे

मोटारसायकल घेणाऱ्या तरुणाला तिचे इंजिन किती सी.सी.चे, ताकद किती घोड्यांची, वेग ताशी किती, हे सारे तोंडपाठ असते. पण तिच्या मागच्या टायरवर काय लिहिले आहे असे विचारले, की तो गप्प होतो. वस्तुतः इंजिनाची शक्ती काय, ब्रेकची पकड काय, ही अखेर रस्त्यापर्यंत पोहोचते ती दोन टायरांतूनच. आणि प्रत्येक टायर एका वेळी रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा. दोन तळहात रबर, एवढाच काय तो स्वाराचा जमिनीशी संबंध! म्हणून झिजलेला टायर बदलताना काय पाहावे, हा प्रश्न केवळ शौकिनांचा नाही. तो जिवाचा प्रश्न आहे.

आम्ही कामगार चळवळीत आयुष्य घालवलेली माणसे. करार वाचल्याखेरीज त्यावर सही करू नका, हे आम्ही गेटावरच्या सभांतून वर्षानुवर्षे सांगत आलो. टायर हाही एक करारच होय. किती ओझे पेलीन, किती वेग सोशीन, केव्हा जन्मलो, हे सारे त्याच्या कडेवर ठसठशीत उठवलेले असते. ते वाचावयास विद्यापीठाची पदवी लागत नाही. आमचे शिक्षण शाळेबाहेरच झाले, तरी ती अक्षरे आम्हांस लागली; मग वाचकांना ती अवघड का जावीत?

उदाहरणादाखल आपल्या पुण्याजवळ चाकणला बजाजच्या कारखान्यात बांधली गेलेली, २०१४ साली रस्त्यावर आलेली आरसी ३९० ही वेगवान गाडी घेऊ. तिच्या मागच्या टायरचे माप १५०/६० आर १७ असे आहे. पैकी १५० म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६० म्हणजे उंची रुंदीच्या शेकडा साठ, म्हणजे ९० मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत. आर हे अक्षर रेडियल बांधणीचे. जुन्या पद्धतीच्या टायरात आतील धाग्यांचे थर एकमेकांवर तिरपे टाकलेले असतात. रेडियलमध्ये ते एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे, सरळ जातात. मिशेलिन कंपनीने १९४६ साली या बांधणीचे पेटंट घेतले. रेडियल टायर वेगात कमी तापतो, म्हणून वेगवान गाडीला तो मानवतो. एका चाकाला रेडियल आणि दुसऱ्याला तिरप्या धाग्याचा टायर बसवायचा, तर गाडी बनवणाऱ्याने तशी जोडी सांगितलेली असेल तरच बसवावा.

मापापुढे एक आकडा आणि एक अक्षर असते. या गाडीच्या मापाला मागे ६६ आणि पुढे ५४ असे आकडे येतात. हे किलो नव्हेत. ते ओझ्याच्या कोष्टकातील क्रमांक आहेत. ६६ म्हणजे ३०० किलो, ५४ म्हणजे २१२ किलो. पुढचे अक्षर वेगाचे. पी म्हणजे ताशी १५० किलोमीटर, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१०, व्ही म्हणजे २४०, डब्ल्यू म्हणजे २७०. येथे वर्णमालेचा क्रम एके ठिकाणी मोडतो. एच हे व्हीच्या अलीकडे येते, हे ध्यानात ठेवावे. कोणी म्हणेल, आपल्या रस्त्यावर एवढा वेग कोण नेतो? पण ते अक्षर धावण्याचा परवाना नव्हे. उन्हात, ओझ्याखाली, तापलेल्या रस्त्यावर टायर किती तग धरील याचे ते माप आहे. दीडशेच्या पुढे धावू शकणाऱ्या गाडीला पी अक्षराचा स्वस्त टायर घालणे म्हणजे पाच टनांच्या क्रेनला तीन टनांची साखळी लावणे होय. मूळ टायरवर असेल तोच क्रमांक आणि तेच अक्षर घ्यावे, किंवा त्याच्या वरचे. खालचे कदापि घेऊ नये.

आता रबराविषयी. कच्चे रबर उन्हाने चिकट आणि थंडीने ठिसूळ होते. १८३९ साली चार्ल्स गुडइयर याला गंधक आणि उष्णता यांनी ते टिकाऊ करण्याची युक्ती सापडली. १८८८ साली बेलफास्टच्या डनलॉप या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचा टायर केला. तेव्हापासून आजवर एक पेच मात्र सुटलेला नाही. मऊ रबर रस्ता घट्ट धरते, पण लवकर झिजते. कडक रबर पुष्कळ चालते, पण धरते कमी. काही टायरांत म्हणून मधला पट्टा कडक आणि दोन्ही बाजू मऊ ठेवतात. सरळ रस्त्यावर मधला भाग झिजतो, वळणावर बाजू कामी येतात.

शर्यतीच्या मैदानासाठी केलेला टायर दुकानात फार देखणा दिसतो. त्याला खाचा कमी, रबर मऊ. परंतु तो चांगला तापल्यावरच आपला गुण दाखवतो. आषाढात, भिजल्या रस्त्यावर, रातपाळी सुटल्यावर घरी निघालेल्या माणसाच्या गाडीखाली तो तापणार कसा? शिवाय खाचांचे काम पाणी बाहेर काढण्याचे. खाचा कमी तर पाणी जाणार कुठे? ज्याला रोज कामावर जायचे, चार महिने पावसात चालवायचे आणि कधीमधी ताम्हिणी घाट चढायचा, त्याने लांबच्या प्रवासासाठी केलेला, भरपूर खाचांचा, ओल्या रस्त्यासाठी सिलिका मिसळलेल्या रबराचा टायर घ्यावा. मैदानावरच्या दहा मिनिटांसाठी वर्षाचे सारे दिवस धोक्यात घालू नयेत.

दुसरा मोह रुंदीचा. मागून गाडी भारदस्त दिसावी म्हणून पुष्कळजण एक माप रुंद टायर चढवतात. रिम तेवढेच राहिल्याने टायर दोन्ही कडांनी आवळला जातो, त्याची गोलाई बिघडते, गाडी वळायला जड होते आणि कधी टायर साखळीला घासू लागतो. रूप वाढले, गुण घटला!

पैसे मोजण्यापूर्वी आणखी दोन गोष्टी पाहाव्यात. एक, आयएसआयचे चिन्ह. दुसरी, चार आकड्यांची जन्मतारीख. २३२४ असे असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला. रबर पडून राहिले तरी म्हातारे होते. पाच वर्षे वापरलेला टायर पुढे दरसाल जाणत्याकडून तपासून घ्यावा आणि दहा वर्षांचा टायर नक्षी शाबूत असली तरी काढावा, असा टायर करणाऱ्यांचाच सर्वसाधारण सल्ला आहे. बसवताना कडेवरचा बाण चाक फिरण्याच्या दिशेला आहे ना, हे मेस्त्रीशेजारी उभे राहून पाहावे. नव्या टायरचा पृष्ठभाग गुळगुळीत असतो. पहिले शंभर-दीडशे किलोमीटर हळू चालवावे. हवा टायर थंड असताना मोजावी. आणि खाचांच्या तळाशी जे लहान उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला नक्षी आली की टायरची नोकरी संपली असे समजावे.

चांगला टायर महाग, हे आम्ही नाकारत नाही. घराघरांत पार्सले पोहोचवणाऱ्या मुलांची गाडी साधी असते, पण ही अक्षरे तिच्याही टायरवर असतात. कारखान्यात हत्यार मालकाचे असते. या मुलांना मात्र आपले हत्यार, म्हणजे गाडी आणि तिचे टायर, बहुधा स्वतःच्या कमाईतून सांभाळावे लागते. मग टायर गुळगुळीत झाला तरी पुढल्या महिन्यावर ढकलला जातो. टायरचा खर्च हा धंद्याचा खर्च आहे, तो कामाच्या मोबदल्यात धरला गेला पाहिजे, ही मागणी आम्ही रास्त समजतो. ती मान्य होईपर्यंत दर महिन्याला थोडी रक्कम टायरच्या नावाने बाजूस काढावी, एवढेच आम्ही सांगू शकतो.

व्याख्यान संपल्यावर मंडळी बाहेर आपापल्या गाड्यांकडे जातील. किल्ली फिरवण्याआधी खाली बसून एकदा त्या कडेवरचे वाचावे, ही विनंती.