शंभर टक्क्यांच्या कट-ऑफचा काळ

दिल्ली विद्यापीठाच्या बहुतेक पदवी अभ्यासक्रमांत 2021 पर्यंत बारावीच्या गुणांवरच प्रवेश मिळत असे. सहसा चार उत्तम विषयांची सरासरी काढली जाई आणि प्रत्येक महाविद्यालय आपापला कट-ऑफ लावी. पद्धत सोपी आणि पारदर्शक होती, पण तिच्यात एक अडचण दडलेली होती. कट-ऑफ गाठणाऱ्या प्रत्येकाला प्रवेश द्यावाच लागे, मग जागा कितीही असोत. अंदाज चुकला तर वर्ग ओसंडून वाहत. त्यामुळे महाविद्यालये पहिली यादी जपून, म्हणजे चढीच लावत.

2011 मध्ये प्रवेशपूर्व अर्जाची पद्धत बंद झाली. कोण येणार, किती गुणांचे येणार, हे आधी कळेनासे झाले. त्याच वर्षी श्रीराम कॉलेज ऑफ कॉमर्सने बी.कॉम. (ऑनर्स)साठी, शाळेत वाणिज्य न शिकलेल्यांना 100 टक्क्यांचा कट-ऑफ लावला आणि देशभर गदारोळ उठला. हा आकडा विद्यार्थ्यांच्या हुशारीपेक्षा महाविद्यालयाच्या धास्तीचा होता.

गुणांची खैरात मात्र शाळामंडळांची होती. प्रत्येक मंडळाची प्रश्नपत्रिका वेगळी, तपासणीचा हात वेगळा. तरी 95 म्हणजे सगळीकडे 95 असेच धरले जाई. त्यात ‘मॉडरेशन’च्या नावाखाली गुण वाढवले जात. 2017 मध्ये सीबीएसईने ही प्रथा थांबवायचे ठरवले, पण परीक्षा होऊन गेल्यावर नियम बदलू नका, असे दिल्ली उच्च न्यायालयाने बजावले आणि त्या वर्षी ती चालूच राहिली.

2021 मध्ये कोविडमुळे सीबीएसईची बारावीची परीक्षाच रद्द झाली. दहावी, अकरावी आणि बारावीची कामगिरी 30:30:40 या प्रमाणात धरून निकाल लागले. त्या वर्षी हिंदू कॉलेजात राज्यशास्त्राचा पहिला कट-ऑफ 100 टक्के होता, आणि तरीही जागांच्या कितीतरी पट विद्यार्थी पात्र ठरले. चाळणीची भोकेच बुजल्यासारखी झाली होती.

2022 पासून केंद्रीय विद्यापीठांसाठी ‘सीयूईटी’ ही सामाईक परीक्षा आली. दिल्ली विद्यापीठात बारावीचे गुण पात्रतेपुरते आणि परीक्षेत बरोबरी झाल्यास निवाड्यापुरते उरले. सेंट स्टीफन्सला मुलाखतीसाठी 15 टक्के भार हवा होता; अल्पसंख्याक महाविद्यालय म्हणून ख्रिस्ती उमेदवारांपुरती ती मुभा मिळाली, बाकी जागा उच्च न्यायालयाने सीयूईटीच्या गुणांवरच भरायला लावल्या.