होडीची मोड

कसबा पेठेतल्या तांबट आळीत आकार आला म्हणजे भांडं झालं, असं कुणी म्हणत नाही. पत्रा कापला, वळवला, सांधा जोडला, तरी अंग अजून मऊच असतं. मग ते लोखंडी दांड्यावर टेकवून हातोडीचे ठोके ओळीने पडू लागतात, एकाला लागून एक, मध्ये तसूभर जागा न सोडता. हे मठारकाम. घंगाळाच्या किंवा बंबाच्या अंगावर चमकणारे ते खवले पाहणाऱ्याला नक्षी वाटतात, पण त्यांचं खरं काम कडकपणा आणण्याचं आहे. ठोक्याखाली दबलेलं तांबं पुन्हा सहजी वाकत नाही. तेच भांडं परत लाल होईपर्यंत तापवलं तर तो कडकपणा उतरतो आणि ठोके पहिल्यापासून घालावे लागतात. पेशवाईतल्या त्वष्टा कासारांपासून चालत आलेल्या या कामाबरोबर एक व्यवहारही पुण्याच्या घरांत मुरला आहे: जुनं भांडं मोडीत द्यायचं, तराजूत त्याचं वजन व्हायचं आणि मोडीचा भाव वजा करून नवं घ्यायचं. भांडं घेतानाच ते पुढे मोडीत किती देईल याचा अंदाज बांधायचा, ही सवय होडी घेणाऱ्यानेही उचलावी असं मला वाटतं.

खडकवासल्यापासून उजनीपर्यंतच्या धरणांत मासेमारी करणाऱ्याला सागवानी होडी बांधणं आता परवडत नाही. हवा भरलेल्या ट्यूबवर किंवा थर्माकोलच्या तराफ्यावर बसून जाळं टाकणारेही आहेत. पैसे जमले, कर्ज मिळालं किंवा सरकारी योजनेत नंबर लागला की प्रश्न येतो, होडी फायबरची घ्यावी की ॲल्युमिनियमची? उत्तर बहुधा किमतीवर ठरतं, आणि किमतीत फायबर पुढे राहतं. एकदा साचा तयार झाला की त्यातून होडीमागून होडी निघते: आधी जेलकोट म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर, मग काचेच्या तंतूंची चटई, त्यावर रेझिन, पुन्हा चटई, पुन्हा रेझिन. ॲल्युमिनियमचा मुळात पत्राच महाग, वर त्याचं वेल्डिंग जमणारा कारागीर शोधावा लागतो. तरीही धरणातल्या लहान होडीसाठी ॲल्युमिनियमच घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. कारण मजबुतीचं नाही. नीट बांधल्या तर दोन्ही होड्या पुरेशा मजबूत असतात. बघायचं ते होडी बिघडते कशी आणि बिघडल्यावर तिचं काय उरतं.

उजनीचा तळ म्हणजे बुडालेली गावं आहेत. उन्हाळ्यात पाणी फार उतरलं की पळसदेवचं जुनं पळसनाथाचं मंदिर वर येतं. त्याच्या आजूबाजूचे दगड, पडक्या भिंती, झाडांचे खुंट हे सगळं पाणी थोडं चढलं की वीतभर खाली दडून बसतं, आणि होडीचा तळ त्यावर घासतो. ॲल्युमिनियमचा तळ अशा वेळी पोचतो. पोचा डोळ्यांना दिसतो, हाताला लागतो, आणि बहुतेकदा होडी गळतही नाही. फायबरचं तसं नाही. ते लवतं आणि परत जागेवर येतं, नाहीतर तडकतं. वरून दिसतात त्या जेलकोटवरच्या केसासारख्या चिरा, आणि तेवढ्यावर निभावलं असं वाटतं. मार मात्र आत बसलेला असू शकतो, चटईचे थर एकमेकांपासून सुटलेले असतात. चिरेतून शिरलेलं पाणी तंतूंच्या कडेकडेने पसरतं, आत लाकडी पट्ट्या घातल्या असतील तर त्या कुजतात. होडी हळूहळू जड होते. ते वल्हं मारणाऱ्या खांद्यांना आधी कळतं. जाणकार माणूस फायबरचा तळ ठोकून बघतो. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, थर सुटले असतील तिथे बद्द. तांबट आळीत ठोका धातू घडवतो, इथे तो दुखणं शोधतो. पण रोज पहाटे पाण्यात उतरणाऱ्याने तळ ठोकत बसावं अशी अपेक्षा कशी धरायची? बिघाड आपणहून दिसणारी होडीच त्याच्या कामाची.

यावर पहिला आक्षेप दुरुस्तीचा, आणि तो खोटा नाही. फायबर काठावर बसून दुरुस्त होतं. चटई, रेझिन, हार्डनर आणि ग्राइंडर एवढं असलं की झालं. ॲल्युमिनियमला आर्गॉन गॅसचं वेल्डिंग लागतं. हा धातू 660 अंशांना वितळतो, पण त्याच्यावरची ऑक्साइडची पापुद्र्यासारखी साय 2000 अंशांपर्यंतही वितळत नाही, त्यामुळे लोखंड जोडणाऱ्या नेहमीच्या वेल्डरला ते साधत नाही. शिवाय मठारकामात दिसतं तेच इथेही घडतं: कारखान्यात रोलरखाली दाबून कडक केलेला पत्रा वेल्डिंगच्या आचेने सांध्यालगत मऊ पडतो, आणि पुढची चीर अनेकदा त्याच पट्ट्यात जाते. हे सगळं मान्य करूनही दोन गोष्टी सांगायच्या राहतात. लहान भोकावर ॲल्युमिनियमचं ठिगळ, मध्ये सीलंट आणि ॲल्युमिनियमचेच रिव्हेट मारून होडी पुन्हा पाण्यात घालता येते. त्याला गॅस लागत नाही. आणि फायबरची काठावरची दुरुस्ती सोपी दिसते तितकी सोपी नसते. भोवतालचा भाग उताराने घासून पूर्ण वाळवल्याशिवाय नवा थर जुन्याला धरत नाही. होडी आठवडाभर वाळवणं म्हणजे आठवडाभर जाळं घरात, म्हणून ओल्यावरच थर चढवला जातो आणि पुढच्या मोसमात तो सुटतो. ॲल्युमिनियम उन्हात तापतं, दगडाला लागलं की आवाज करतं, मासे बिचकतात, या तक्रारीही खऱ्या. त्यावर बसायला लाकडी फळी आणि तळात रबरी चटई एवढा उपाय पुरतो.

समुद्राची गोष्ट वेगळी, आणि कोकणातल्या मच्छीमाराला मी हा सल्ला देणार नाही. खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियमला सगळ्यात मोठं भय आहे ते तांबट आळीच्याच धातूचं. दोन वेगळे धातू खाऱ्या पाण्यात एकमेकांना भिडले की त्यांतला कमकुवत झिजत जातो. ब्रिटिश आरमाराने 1761 साली 'अलार्म' या युद्धनौकेचा लाकडी तळ तांब्याच्या पत्र्याने मढवला. नौका वेस्ट इंडिजहून परतल्यावर पाहिलं, तर तांब्याला भिडलेले लोखंडी खिळे खाल्ले गेले होते. पत्र्याच्या वेष्टनाचा कागद जिथे चुकून मध्ये राहिला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. ॲल्युमिनियमचं नशीब या बाबतीत लोखंडाहून वाईट. शिंपले-कालवं चिकटू नयेत म्हणून तळाला लावायच्या बऱ्याच रंगांत तांबं असतं, आणि तळात पडून राहिलेला वायरचा तुकडाही पत्र्याला खड्डा पाडू शकतो. फायबरला यातलं काहीच बाधत नाही, आणि बंदरांवर त्याचे कारागीरही सापडतात. धरणाच्या गोड्या पाण्यात हे भय पुष्कळ कमी, म्हणून माझं म्हणणं तिथपुरतंच.

होडीचा विषय निघाला की उजनीची आठवण येतेच. 21 मे 2024 रोजी कुगाव आणि कळाशी यांच्यामध्ये वादळी वाऱ्यात प्रवासी होडी उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. अशा वेळी होडी कशाची होती हा प्रश्न फार दूर नेत नाही. ॲल्युमिनियम पाण्याच्या 2.7 पट जड, फायबरही पाण्याहून जडच. पाणी भरलं की दोन्ही तळ गाठतात. बंद हवेचे कप्पे किंवा पाणी न पिणारा फोम, रुंद बूड आणि अंगात लाइफ जॅकेट यांचा खर्च दोन्हीकडे धरावाच लागतो. फायबर स्वस्त पडलं म्हणून वाचलेले पैसे यात घातले, असा युक्तिवाद कुणी केला तर तो मला पटेल. पण ते पैसे खरंच तिथे जायला हवेत.

उरते ती मोड. वीस-पंचवीस वर्षांनी ॲल्युमिनियमची होडी कापली की पत्रा तराजूवर चढतो. तो वितळवून पुन्हा वापरायला नव्या धातूच्या मानाने जेमतेम 5 टक्के ऊर्जा लागते, म्हणून भंगारवाला अशी होडी काठावरून स्वतः उचलून नेतो. तिला भाव आहे म्हणून ती चोरीलाही जाते, साखळी आणि कुलूप लागतंच. फायबरची होडी कुणी चोरून तोडत नाही, कारण तोडून हाती काही लागत नाही. एकदा घट्ट झालेलं रेझिन पुन्हा वितळत नाही. जाळलं तर काळा धूर आणि काचेचे तंतू मागे उरतात. सिमेंटच्या भट्टीत ते खपवता येतं हे खरं, पण धरणाच्या काठावरून तिथवर ते तुकडे करून नेणार कोण, आणि कुणाच्या पैशाने? पारंपरिक मच्छीमाराला नवी होडी घ्यायला मदत करणारी प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना 2020 साली सुरू झाली. अशी मदत हाती येते तेव्हा समोर असते ती दुकानातली किंमत. तिच्यातून शेवटची मोड वजा करून, उरलेली रक्कम वर्षांनी भागून दोन्ही होड्या शेजारी मांडल्या तर दोन किमतींमधलं अंतर बरंच कमी होतं. तांबट आळीत गिऱ्हाईक बंब घेण्याआधी विचारतं, "मोडीला किती धराल?" होडी विकणाऱ्याला हेच विचारलं तर ॲल्युमिनियमवाला पत्र्याचं वजन सांगेल. फायबरवाल्याकडे सांगायला आकडाच नाही.