वार सुटत नाही तेव्हा

मूल जन्मले, रडले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. परंतु जुन्या सुइणीला तेवढ्याने चैन पडत नसे. वार पडेपर्यंत ती बाळंतिणीपाशीच बसून राही. तिचे भय अनाठायी नव्हते.

वार आणि गर्भाशयाचा स्नायू यांच्यामध्ये एक पातळ थर असतो; प्रसूतीनंतर वार सुटते ती या थरापासून. पूर्वीच्या शस्त्रक्रियेच्या व्रणावर तो नीट भरून येत नाही. पुढच्या खेपेस वार नेमकी तेथे रुजली, तर ती थेट स्नायूला चिकटते, त्यात शिरते, क्वचित गर्भाशय भेदून मूत्राशयापर्यंत पोचते. अशी वार ओढून काढू जावे, तर रक्तस्राव आवरत नाही.

गर्भाशय खरवडणे, गाठी काढणे, वाढते वय, कृत्रिम गर्भधारणा ही कारणे आहेतच. पण खरी घातक जोडी म्हणजे आधीचे सिझेरियन आणि गर्भाशयमुखावर बसलेली वार. अमेरिकेतील सुमारे ३० हजार सिझेरियनांची पाहणी २००६ साली प्रसिद्ध झाली. तीत वार मुखावर असलेल्या स्त्रियांपैकी पहिल्या सिझेरियनच्या वेळी ३ टक्के, दुसऱ्या वेळी ११, तिसऱ्या वेळी ४० आणि चौथ्या वेळी ६१ टक्के स्त्रियांची वार अशी रुतलेली आढळली. वाढत्या सीमांत खर्चाचा आलेख आम्ही वर्गात फळ्यावर काढतो. इतका उभा चढ त्यातही सहसा नसतो.

आता आपल्याकडचे आकडे. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात २५.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्या. देशभरात सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४.३ टक्के, तर खासगी रुग्णालयांत ४७.४ टक्के. सिझेरियनने असंख्य माता व बालके वाचली, याविषयी वाद नाही. परंतु अडलेल्या बाळंतिणी सरकारी रुग्णालयांतही येतात. तेव्हा तिपटीहून अधिक असलेली ही तफावत केवळ वैद्यकीय गरजेची आहे, असे कोणी म्हणू धजणार नाही. (मुहूर्त काढून आणणाऱ्या नातेवाइकांचाही यात वाटा आहे.) निर्णयाचा लाभ आज एकाला मिळतो आणि त्याची किंमत तीन-चार वर्षांनी दुसऱ्याच रुग्णालयात, दुसऱ्याच्या हातून चुकती होते. असा खर्च कोणाच्याच खतावणीत चढत नाही.

निदान आधी झाले, तर बरेच साधते. साधारणतः चौतीस ते छत्तीस आठवड्यांच्या दरम्यान दिवस ठरवून, रक्ताची तजवीज करून बाळ काढतात आणि वारेला हात न लावता बहुधा गर्भाशयच काढून टाकतात. स्त्री वाचते, पुढचे मातृत्व मात्र संपते. निदान झालेले नसेल, तर रक्तपेढी नसलेल्या तालुक्याच्या गावी डॉक्टरला ते पोट उघडल्यावरच कळते.

सोनोग्राफीत वार खाली दिसली, की पहिला प्रश्न आधीच्या टाक्यांचा असतो. आणि त्याचे उत्तर ज्या कागदावर असते, तो पहिल्या बाळंतपणाचा कागद बहुधा माहेरी राहिलेला असतो.